ठग, गणपत शिपाई आणि कम्मो

जबलपूरहून भोपाळकडे निघालं की भेडाघाटचा फाटा मागे पडतो आणि काही वेळानं शहपुरा लागतं. रेल्वेनं आलात तर स्टेशनचं नाव भिटोनी. नर्मदेच्या खोऱ्यातली सुपीक जमीन, थंडीत गव्हाच्या बरोबरीनं मटार पिकवणारी शेतं आणि तालुक्याच्या गावाला असते तशी बाजारपेठ. हा सगळा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा होता. पुढे मध्य प्रांत झाला तेव्हाही कारभार नागपुरातून चाले, तो थेट १९५६ पर्यंत. त्यामुळे जबलपुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि या रस्त्यावरच्या गावांची नावं नागपूरच्या जुन्या लोकांना ओळखीची वाटतात.

शहपुऱ्याच्या पुढे नरसिंहपूर जिल्हा सुरू होतो. १८२२ ते १८२४ या काळात तिथं विल्यम स्लीमन नावाचा कंपनीचा अधिकारी जिल्ह्याचा कारभार पाहत होता. पुढे त्यानं लिहून ठेवलं की, आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवर असलेल्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहते, असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. वाटसरूंशी गोड बोलून त्यांच्याबरोबर मुक्काम करायचा, गळ्यात रुमाल टाकून जीव घ्यायचा आणि प्रेतं पुरून पुढच्या वाटेला लागायचं, ही ठगांची रीत. स्लीमननं तिचा छडा लावला तो माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा ठग त्याच्या हाती लागला. फाशी टाळण्यासाठी तो बोलू लागला, त्याच्या बोलण्यावरून दुसरे पकडले गेले, ते तिसऱ्यांची नावं सांगू लागले.

रस्त्यावर खून होत होते, पुरलेली प्रेतं उकरून काढली गेली, यात शंका नाही. पण स्लीमन तिथं थांबला नाही. त्यानं ठगांच्या घराण्यांच्या वंशावळी काढल्या. बाप कोण, आजा कोण, सासुरवाड कुठली, सगळं कागदावर मांडलं. सागरला फाशी दिलेल्या ठगांपैकी सात जणांच्या कवट्या डॉक्टर स्प्राय यांनी एडिंबरोला पाठवल्या, कारण कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव कळतो असं मानणाऱ्या पंडितांना त्या तपासायच्या होत्या. १८३६ च्या कायद्यानं तर ठगांच्या टोळीत कधीही असल्याचं सिद्ध झालं की जन्मठेप देता येऊ लागली. अमुक माणसानं अमुक दिवशी अमक्याला मारलं, हे दाखवण्याची गरजच उरली नाही. गुन्हा बाजूला पडला आणि गुन्हेगाराचं कूळ पुढे आलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं हीच समजूत अनेक जातीजमातींच्या कपाळी कायमची मारली. आपल्याकडे पारधी, कैकाडी, उचल्या अशा कितीतरी समाजांना तिचे चटके बसले.

हा ठग साहेबाच्या देशात पोचायला वेळ लागला नाही. स्लीमनचं पुस्तक १८३६ साली कलकत्त्याला निघालं. १८३९ साली मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनला आली आणि हातोहात खपली. पाच वर्षांनी फ्रेंच लेखक यूजेन स्यूनं आपल्या कादंबरीत फिरंगियालाच पात्र करून टाकलं. जबलपूर-सागरकडच्या रस्त्यांवरचा एक आरोपी पॅरिसच्या वाचकांच्या अंगावर काटा आणू लागला. टेलरच्या कादंबरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी हॉलीवूडच्या आर.के.ओ. स्टुडिओनं ठगांना पडद्यावर उभं केलं. चित्रपटाचं नाव ‘गंगा दीन’, साल १९३९.

‘गंगा दीन’ युद्धपट म्हणून, साहसपट म्हणून ओळखला जातो. पण त्याची जातकुळी पाहायची असेल तर कथा कुणाची, ते पाहावं. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांची. हेक्ट शिकागोच्या वर्तमानपत्रांत गुन्ह्यांच्या बातम्या लिहून तयार झालेला माणूस. मूकपटांच्या काळात टोळीपटांचा पाया घालणारा ‘अंडरवर्ल्ड’ त्याच्या कथेवरचा आणि १९३२ चा ‘स्कारफेस’ही त्याच्याच लेखणीचा. टोळी, टोळीचा निर्दय म्होरक्या, त्याचा लपलेला अड्डा आणि शेवटी अड्ड्यावर छापा. हा साचा शिकागोत घडला आणि ‘गंगा दीन’मध्ये कालीमातेच्या देवळात नेऊन ठेवला गेला.

ठगांच्या गुरूचं काम केलं एदुआर्दो चनेली या नटानं. तो इटलीतल्या नेपल्सजवळच्या इस्किया बेटावरचा. डॉक्टरी शिकलेला आणि ऑपेरात गायलेला. दोनच वर्षांपूर्वी वॉर्नर ब्रदर्सच्या ‘मार्क्ड वुमन’मध्ये त्यानं न्यूयॉर्कचा गुंड जॉनी व्हॅनिंग रंगवला होता, लकी लुचियानोवर बेतलेला. आता त्याच चेहऱ्यावर तपकिरी रंग चढवून स्टुडिओनं त्याला हिंदुस्थानी केलं. इटालियन गुंड हवा असेल तेव्हा स्टुडिओवाले ज्यू नट घेत. ‘लिटल सीझर’चा एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि ‘स्कारफेस’चा पॉल म्यूनी, दोघेही पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरांतले. आणि हिंदुस्थानी खुनी हवा असेल तेव्हा इटालियन. गंगा दीन या भिश्त्याच्या कामासाठी म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू याचा विचार झाला होता, पण त्याचा करार अलेक्झांडर कोर्डाकडे होता. शेवटी न्यूयॉर्कचे ज्यू नट सॅम जाफी अंगाला काळा रंग फासून उभे राहिले. वय सत्तेचाळीस. चित्रीकरण झालं ते कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या खडकाळ माळावर. हिंदुस्थानची कथा, पण मुख्य भूमिकांत एकही हिंदुस्थानी माणूस नाही.

रंग चढवण्याचं हे काम उलट्या दिशेनंही चाले. मर्ल ओबेरॉन ही त्या काळातली मोठी नायिका १९११ साली मुंबईत जन्मली, मुंबई-कलकत्त्यात वाढली. पण जन्म तास्मानियात झाल्याचं ती आयुष्यभर सांगत राहिली, कारण मिश्र रक्ताची अँग्लो-इंडियन मुलगी गोऱ्या नायकाची प्रेयसी म्हणून पडद्यावर चालली नसती. गोऱ्या आणि काळ्या वंशांतले शरीरसंबंध दाखवायला स्टुडिओंनी स्वतःसाठी केलेल्या आचारसंहितेत सरळ मनाई होती. १९४४ च्या ‘द लॉजर’ या खूनपटात ती होती. लंडनमध्ये बायकांचे गळे कापणाऱ्या माणसाची ती गोष्ट. त्या चित्रपटाच्या वेळी छायालेखक ल्यूशियन बॅलार्डनं कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी बसवण्यासाठी एक लहान दिवा तयार केला. समोरून थेट पडणाऱ्या त्या उजेडात चेहऱ्यावरचे बारीक व्रण पुसले जात. मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला इजा झाली होती. त्या दिव्याला तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणू लागले आणि तो आजही वापरात आहे. एका बाजूला चनेलीच्या गालावर थापलेला तपकिरी रंग आणि दुसऱ्या बाजूला मुंबईच्या मुलीचं सगळं मागचं आयुष्य झाकून टाकणारी गोरी झळाळी. दोन्ही एकाच व्यवस्थेची कामं.

त्या आचारसंहितेत दुसऱ्या राष्ट्रांचा इतिहास आणि तिथले नागरिक यांचं चित्रण न्याय्य असावं, असंही कलम होतं. ते कलम हिंदुस्थानच्या कामी आलं नाही, कारण आपलं म्हणणं मांडायला हिंदुस्थानला स्वतःचं सरकार नव्हतं. स्टुडिओ विचारायचा तो लंडनला. लंडनला काळजी ब्रिटिश सैनिकाच्या प्रतिष्ठेची.

मग आपलं म्हणणं मांडलं कुणी? मुंबईच्या रस्त्यावरच्या लोकांनी आणि एका मराठी संपादकानं. १९३८ साली कोर्डाचा ‘द ड्रम’ मुंबईत लागला तेव्हा निदर्शनं झाली, पोलिसांशी झटापटी झाल्या आणि चित्रपट उतरवावा लागला. बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ मासिक १९३५ पासून निघत होतं. पटेलांची लेखणी कुणाची भीड ठेवणारी नव्हती. ‘गंगा दीन’ अजून इकडे पोचलाही नव्हता तेव्हाच त्यांच्या मासिकात ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर झोड उठवली. बंगाल आणि मुंबई प्रांतांत ‘गंगा दीन’वर बंदी आली. मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. जर्मन नाटककार ब्रेख्तनं हा चित्रपट पाहून प्रामाणिक कबुली दिली आहे. हिंदुस्थानी लोक असे नाहीत हे आपल्याला पक्कं ठाऊक होतं, तरी आपण योग्य जागी हसलो, योग्य जागी आपला गळा दाटून आला, असं त्याचं सांगणं. इतक्या जाणत्या माणसाला जर कथेनं असं ओढून नेलं, तर ओहायोतल्या शनिवारच्या प्रेक्षकाचं काय झालं असेल!

बंदीनं आपली बाजू थोडी राखली गेली, पण बंदी म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर त्याच वर्षी पुण्यातून आलं आणि ते देणाऱ्यांच्या मनात ‘गंगा दीन’ नव्हताच.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘माणूस’ १९३९ चा, हिंदीत ‘आदमी’. दिग्दर्शक व्ही. शांताराम. बरुआंच्या ‘देवदास’नं देशभरच्या तरुणांना दारूच्या ग्लासात रडायला लावलं होतं, त्याचा शांतारामांना राग होता आणि त्या रागातून ‘माणूस’ निघाला, हे सर्वांना माहीत आहे. मला त्याच्याकडे दुसऱ्या अंगानं पाहावंसं वाटतं. ‘माणूस’ गुन्ह्याचा चित्रपट आहे. त्यात पोलीस आहे, छापा आहे, खून आहे, तुरुंग आहे. पण कुणीही जन्माचा गुन्हेगार नाही.

गणपत हा साधा शिपाई. इन्स्पेक्टर नव्हे, साहेब नव्हे. खाकी चड्डी घालून रात्रीची गस्त घालणारा. अड्ड्यावर छापा पडतो तेव्हा तो मैना नावाच्या वेश्येला वाचवतो. हळूहळू जीव जडतो. तिला त्या गल्लीतून बाहेर काढायचं त्याच्या मनात येतं. तो तिला आईकडे घेऊन जातो. आई देवभोळी, प्रेमळ. पोरगी कोण, कुठली, हे तिला ठाऊक नाही. ती मैनेला सून म्हणूनच जवळ करते आणि नेमकं ते प्रेमच मैनेला सोसत नाही. या घरात आपण खोटं बोलून शिरलो आहोत, असं तिला वाटत राहतं. ती निघून जाते. पुढे तिच्या कमाईवर जगणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो आणि ती शिक्षा पत्करते. गणपतनं केलेली मदत नाकारून पत्करते.

आता याची तुलना देवळातल्या त्या गुरूशी करा. त्याला आई नाही, घर नाही, गाव नाही. त्यानं खून का केले, या प्रश्नाला स्टुडिओकडे एकच उत्तर होतं: तो ठग आहे म्हणून. मैनेच्या बाबतीत उत्तराला सगळा चित्रपट लागतो. गुन्हेगाराला घरदार देणं, त्याच्या गुन्ह्याला कारण देणं, यालाच मी पडद्यावरचं खरं प्रतिनिधित्व म्हणतो. पडद्यावर कोणत्या जातीधर्माची किती माणसं दिसली याची मोजणी करता येते आणि ती करावीही. पण मोजणीत बसलेला माणूस जर फक्त खून करायला किंवा मरायला आलेला असेल, तर त्या मोजणीनं काही साधत नाही.

मोजणीच करायची तर ‘माणूस’ तिथेही कमी पडत नाही. मैनेच्या कोठीवर निरनिराळ्या प्रांतांची गिऱ्हाइकं येतात आणि तिचं ते गाजलेलं गाणं प्रत्येकाच्या भाषेत एकेक कडवं घेत पुढे जातं. मराठीतून दुसऱ्या, तिसऱ्या भाषेत शिरताना मैनेचे हावभाव बदलतात, पोशाखाची ढब बदलते. शहर नावाची गोष्ट कशाची बनते, हे त्या एका गाण्यात कळतं. ते म्हणणाऱ्या शांता हुबळीकर मूळच्या हुबळीकडच्या, मातृभाषा कानडी. मराठी प्रेक्षकांनी त्यांना इतकं आपलं केलं की पुढे त्यांच्या आत्मचरित्राला त्याच गाण्याचं नाव मिळालं, ‘कशाला उद्याची बात’. गणपत झालेले शाहू मोडक अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातले. पडद्यावरचा कृष्ण म्हणून महाराष्ट्र ज्यांच्या पाया पडायचा आणि पुढच्याच वर्षी जे ज्ञानेश्वर झाले तेच. प्रभातच्या मालकांपैकी आणि कलादिग्दर्शनाचा कणा असलेले फत्तेलाल मुसलमान. ‘संत तुकाराम’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. कुणी कुणाला त्याचा धर्म विचारत नव्हतं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण कामं वाटताना धर्म आडवा येत नव्हता, हे पडद्यावर दिसतं. ‘शेजारी’च्या हिंदी अवतारात, ‘पडोसी’त तर गजानन जागीरदार मिर्झा झाले आणि मझहर खान ठाकूर.

त्याच १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ एक वेगळीच वसाहत उभी राहिली. स्वतंत्रपूर. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू अभियंता गांधीजींच्या प्रभावाखाली आला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचं ऐकलं आणि खुनाच्या शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, आपापल्या कुटुंबांसह राहू दिलं. त्याच मुलखातले माडगूळचे गदिमा. त्यांनी या प्रयोगावरून पटकथा लिहिली आणि १९५७ साली शांतारामांनी परळच्या राजकमल स्टुडिओतून ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी आणि एक जेलर. जेलर स्वतः शांताराम. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांचे डोळेच गेल्यासारखे झाले होते. चित्रपटाला बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळालं, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. स्लीमननं कैद्यांच्या वंशावळी काढल्या होत्या. या चित्रपटात कैद्यांकडून त्यांच्या हाताचे ठसे घेतले जातात. वचनाची सही म्हणून.

दरम्यान प्रभातमधूनच मुंबईच्या गुन्हेपटांची पुढली पिढी बाहेर पडली होती. १९४४ साली गुरुदत्त पादुकोण नृत्याचं काम पाहायला पुण्याला आले. देव आनंदही तिथेच आला आणि परटाकडून सदरे बदलून आल्यामुळे दोघांची ओळख झाली, हा किस्सा दोघांनीही जपला. देव आनंदचा पहिला चित्रपट प्रभातचाच, १९४६ चा ‘हम एक हैं’, निरनिराळ्या धर्मांची मुलं एका घरात वाढतात ती गोष्ट. त्या दोस्तीतून १९५१ चा ‘बाजी’ झाला, पुढे ‘आर पार’, पुढे राज खोसलांचा ‘सी.आय.डी.’. मुंबई हे शहरच आता पात्र झालं. डॉकवरचा हमाल, टॅक्सीवाला, इराण्याचं हॉटेल, क्लबातला पियानो. ‘आर पार’मध्ये अबरार अल्वींनी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मुलखाची हिंदी बोलायला लावली, इंदूरचा बद्रुद्दीन काझी, म्हणजे जॉनी वॉकर, रुस्तम पारशी झाला. त्याआधी हिंदी चित्रपटात सगळेच एकसारखं छापील बोलत. ज्याला स्वतःची बोली मिळाली त्याला निम्मं अस्तित्व मिळालं.

पण या मुंबईत प्रत्येकाची जागा ठरलेलीही होती. क्लबात नाचणारी मुलगी बहुधा ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन नावाची. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची सिल्वी रंगवली सिंधी शीला रमाणीनं. सिगारेटच्या लांब नळीतून धूर सोडणारी ‘श्री ४२०’ची माया म्हणजे बगदादी ज्यू घराण्यातली फ्लॉरेन्स इझिकेल, आपली नादिरा. चिन्यांचं तर विचारूच नका. १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मधला खलनायक जॉन चँग झाला पंजाबी मदन पुरी, डोळ्यांच्या कडा ओढून. चिनी मुलीचं गाणं केलं हेलननं, जी युद्धात ब्रह्मदेशातून लहानपणी पायी चालत आली होती. कलकत्त्यात खरी चिनी वस्ती होती. चामड्याचा धंदा करणारी, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिच्यातल्या कुणालाही ‘चिनी’ होण्यासाठी बोलावलं गेलं नाही. चारच वर्षांनी १९६२ च्या युद्धात त्याच समाजातल्या हजारो लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवण्यात आलं. याचं खापर एका चित्रपटावर फोडणं योग्य नव्हे. मात्र शेजाऱ्याचा चेहरा ज्यांनी फक्त खलनायकाच्या रूपात पाहिला, त्यांना त्या दिवसांत शेजाऱ्यासाठी बोलायचं सुचलं नाही. हेही मला विसरता येत नाही.

ख्रिस्ती पात्राला न्याय दिला तो एका मराठी बाईनं. १९५९ च्या ‘अनाडी’त विषारी औषधाचं प्रकरण आहे, खटला आहे, आणि मध्यभागी आहेत मिसेस डिसा. भाडं थकवणाऱ्या पोराला शिव्या देणाऱ्या आणि जेवायला वाढणाऱ्या. खाष्ट सासू म्हणून घरोघरी शिव्याशाप खाणाऱ्या ललिता पवारांनी त्या अशा उभ्या केल्या की वांद्र्याच्या एखाद्या जुन्या घराच्या जिन्यावर गाठ पडावी.

आता पुन्हा जबलपूरकडे. प्रेमनाथ जबलपूरचेच, तिथली एम्पायर टॉकीज त्यांच्या मालकीची. त्यांची बहीण कृष्णा राज कपूरला दिलेली. १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’साठी आर.के.ची मंडळी भेडाघाटला आली. दिग्दर्शक म्हणून नाव छायालेखक राधू कर्मकारांचं. विषय डाकूंचा. संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा, आणि तिच्या काठी डाकूंच्या सरदाराची मुलगी कम्मो. काम केलं त्रावणकोरच्या पद्मिनीनं.

या चित्रपटात डाकूंचं गाव आहे. बायका आहेत, पोरं आहेत, लग्न आहे, सणासारखा आनंद आहे. राजू हा भोळा गाणारा त्यांच्यात येऊन पडतो आणि दरोडे घालणारे हे लोक श्रीमंत-गरीब सारखे करायला निघाले आहेत, असंच त्याला आधी सांगितलं जातं. प्राणनं रंगवलेला राका निर्दय आहे, पण बाकीचे तसे नाहीत. राका हा माणूस वाईट आहे, त्याची जमात वाईट नाही. शेवटी सगळी वस्ती, बायकापोरांसकट, चालत निघते पोलिसांना शरण जायला. त्याच वर्षी मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैन्यात, वीस डाकू विनोबांपुढे बंदुका ठेवून शरण आले होते. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंहनं, म्हणजे मानसिंह डाकूच्या मुलानं, तुरुंगातून विनोबांना पत्र लिहिलं होतं आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा हा वृद्ध माणूस त्या दऱ्यांमधून पायी हिंडला. पोलीस खात्यातल्या बड्या लोकांना ते मुळीच रुचलं नव्हतं. तिकडे विलायतेत मात्र आदल्याच वर्षी हॅमर स्टुडिओनं ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ काढला होता. जबलपूर-सागरकडचे ठग, पण नावात मुंबई. पुजारी झालेला नट सायप्रसचा. विलायतेतला स्टुडिओ अजून १८३० सालातच होता.

भेडाघाटच्या चित्रपटाची भलामण मी डोळे मिटून करत नाही. डाकूंचं ते गाव फार देखणं आहे. घागरे, गाणी, चांदण्यातली नर्मदा. चंबळमध्ये बंदूक हाती घेण्यामागे जमिनीची भांडणं होती, जातींची वैरं होती, पोलिसांचे आणि सावकारांचे हितसंबंध होते. त्यातलं पडद्यावर फार थोडं आलं. कम्मोला मन मिळालं, जात मिळाली नाही. ‘माणूस’मध्येही गणपतला आई मिळाली आणि मैनेला लग्न मिळालं नाही, तिला शेवटी तुरुंगातच जावं लागलं, कारण १९३९ च्या प्रेक्षकाला वेश्येची सून झालेली सोसली नसती. शांतारामांनी जेवढं सोसेल तेवढं पुढे नेलं, त्याच्या पलीकडे नेलं नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. स्वतंत्र भारतानं गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द केला. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड राहणारी माणसं विमुक्त झाली. म्हणजे ‘बाजी’ आणि ‘सी.आय.डी.’ यांच्या मधल्या वर्षांत, लाखो माणसांना जन्मानं गुन्हेगार ठरवणारी वंशावळ कागदावरून पुसली गेली. मुंबईच्या स्टुडिओंना त्यात कथा दिसली नाही. देव आनंदच्या टोपीवर आणि मागून पडणाऱ्या उजेडावर ज्यांनी इतकी मेहनत घेतली, त्यांना दोन-अडीचशे मैलांवरची ती वसाहत दिसली नाही. ती गोष्ट सांगायला अशा जमातींतलीच मुलं शिकून मोठी व्हावी लागली. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आलं, आणि १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. ‘उचल्या’तही पोलीस शिपाई आहेत. ते अवेळी घरात शिरतात, बायामाणसांना, म्हाताऱ्यांना मारतात, नसलेल्या चोरीचा माल मागतात. त्यांच्यात गणपत नाही.